कळीचा चुना पोत्यात फुलला: दोष भट्टीचा की गोदामाचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वणीजवळ राजूर भागात आमची चुनाभट्टी आहे. उभी भट्टी, चुनखडी आणि कोळशाचे थर वरून भरायचे, भाजलेला चुना खालून काढायचा. बाबांना आता धूर सोसत नाही, त्यामुळे गेल्या वर्षापासून मीच बघते.

साखरेच्या हंगामासाठी सप्टेंबरात ४०० पोती कळीचा चुना (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) भरून ठेवला. ऑक्टोबरअखेर पहिली गाडी एका साखर कारखान्यावर गेली आणि तशीच परत आली. पोती भरताना आम्ही तपासून घेतला तेव्हा उपलब्ध चुना, म्हणजे प्रत्यक्ष कामाला येणारा, ८४ टक्के होता. तिकडे ७६ निघाला. वर शेरा, 'दगड अर्धकच्चा भाजलेला'.

हा शेरा आमच्या मिस्त्रींना फार लागला आहे. २२ वर्षं तेच भट्टी सांभाळतात. भट्टीतून निघालेला प्रत्येक घाणा हातोडीने फोडून, गाभ्यात कच्चा दगड राहिला आहे का हे पाहिल्याशिवाय ते पोतं भरू देत नाहीत. घरात काहीजण आता मिस्त्री बदला म्हणतात. मला ते पटत नाही, पण दाखवायला पुरावाही नाही.

परत आलेली पोती मी स्वतः उघडली. साधी विणीची प्लॅस्टिकची पोती, आत पिशवी नाही. शिवण ताणून उसवली आहे, कडेची ढेकळं बोटाने दाबली की पीठ होतं. गोदामात पश्चिमेच्या भिंतीलगतच्या थप्पीत हात घातला तर मधली पोती कोमट लागली. खाली एक फळी राहून गेली होती, ती कोपऱ्याला काळवंडली आहे. आणि ५० किलोचं पोतं काट्यावर ५५ भरतंय!

काल पोती हलवताना एका हमालाच्या डोळ्यात पिठी गेली. लगेच नळाखाली धरलं, दवाखान्यात नेलं. आज तो बरा आहे, पण मला रात्रभर झोप लागली नाही. उरलेल्या मालाचं काय करू? आणि दोष नेमका कुणाचा, हे कसं ठरवू?

प्रतिसाद १ (साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेला)

ताई, आधी जिवाचं. पोत्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकाला बंद चष्मा, पूर्ण बाह्या, हातमोजे. डोळ्यात गेलं तर किमान १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि मग डॉक्टर. अंगावर पडलं तर आधी कोरडं झटकायचं, नंतर भरपूर पाणी. कोमट थप्पीवर पाणी अजिबात मारू नका. १ किलो कळीचा चुना पाणी पिऊन विरताना जी उष्णता सुटते तिने ३ लिटर पाणी उकळेल. फळी उगाच काळी पडलेली नाही. ती पोती सुटी करून कोरड्या फरशीवर एकेक पसरा, आसपास लाकूड, गोणपाट, कागद ठेवू नका.

आता दोष. तुमच्या काट्यानेच उत्तर दिलंय. ८४ टक्क्यांनी ५० किलोत ४२ किलो चुना. तोच ४२ किलो ५५ किलोत मोजा, ७६ टक्के येतात. चुना कुठे गेला नाही, त्यात ५ किलो ओल शिरली. साखरेच्या द्रावणात चुना विरघळवून आम्लाने मोजतात, त्या पद्धतीत कळीचा आणि विरलेला दोन्ही धरले जातात. कच्चा दगड मात्र धरला जात नाही.

तरी खात्री करा. १ ग्रॅम नमुना मफल भट्टीत (प्रयोगशाळेतली छोटी बंद भट्टी) ५५० अंशांवर स्थिर वजनापर्यंत ठेवा. वजनातली ही घट विरलेल्या चुन्यातल्या पाण्याची. मग तोच नमुना ९५० ते १००० अंशांवर. ही घट कच्च्या दगडाची, किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड झालेल्या चुन्याची. नमुन्याची मुशी बंद शोषपात्रातच (आतली हवा कोरडी ठेवणारं भांडं) थंड करा, नाहीतर गार होता होताच चुना हवेतली ओल ओढतो.

प्रतिसाद २ (पेणचा, गणपतीच्या कारखान्यातला)

आमचं प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच. तुमच्यासारखं ९०० अंशांवर नाही, जेमतेम दीडशे अंशांवर भाजलेलं. पण पावसाळ्यात रडगाणं तेच. ओल खाल्लेलं पोतं कालवताना हातातच घट्ट होतं आणि मूर्तीला ताकद येत नाही. आम्ही पोती जमिनीपासून अर्धा फूट वर, भिंतीपासून दोन हात लांब ठेवतो, आणि आधी आलेलं आधी संपवतो. ताई, एक विचारू का? चुनखडी कितीही भिजली तरी बिघडत नाही. मग साठा दगडाचाच का करत नाही? भट्टी गाडीच्या तारखेच्या हिशेबाने पेटवायची.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. परत आलेल्या पोत्यातला नमुना काल तपासून आणला. ५५० अंशांपर्यंत घट ८.९ टक्के, त्यापुढे ९५० पर्यंत फक्त ३.३. सप्टेंबरच्या ताज्या मालाची एकूण घट ३.५ होती. म्हणजे भाजणी तेव्हाही चांगली होती आणि कच्चा दगड वाढलेला नाही.

कागद घेऊन सरळ भट्टीवर गेले आणि मिस्त्रींना आकडे वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, शिडी घेऊन पश्चिमेच्या भिंतीवरचा पत्रा बघायला चढले. दोन खिळ्यांची भोकं मोकळी निघाली.

प्रतिसाद १

छान झालं. भोकं बुजवा, पण तेवढ्यावर थांबू नका. पत्रा गळत नसला तरी दमट हवा पुरते. पोत्यात जाड पॉलिथिनची पिशवी घालून तोंड बांधा, आणि चुना पूर्ण निवल्यावरच भरा. गरम भरला तर पिशवी वितळते. पिठीपेक्षा ढेकळं ओल कमी ओढतात, म्हणून चाळून वेगळी ठेवा. फुललेला माल पूर्ण विरवून फक्की (विरलेल्या चुन्याची पूड) म्हणून विका, कळीच्या भावात देऊ नका. कारखान्याला दोन्ही घटींचे आकडे पाठवा. तिकडेही चुना शेवटी पाण्यात कालवूनच रसात जातो, तेव्हा पैसे चुन्याच्या टक्क्यावर ठरवायला ते कदाचित तयार होतील.

धागाकर्ती

आकडे आजच पाठवते. आत घालायच्या पिशव्या किती मायक्रॉनच्या घ्याव्यात? ढेकळांच्या टोकाने फाटायला नकोत. वापरून बघितलेल्या कुणीतरी सांगा, सोमवारी पुढचा घाणा निघतोय.