मुलांना खडपावर नेतो, तर किनाऱ्यावरच्या रस्त्याबद्दल बोलायचं की नाही?

ओहोटीवाली

मुंबईत शाळेच्या मुलांना ओहोटीच्या वेळी खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर, नेणारा आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. सगळे नोकऱ्या सांभाळून करतो. २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या मंडळींनी किनाऱ्यावरच्या फेऱ्या सुरू केल्या. त्यांच्याबरोबर दोनदा गेले आणि ज्या समुद्राच्या काठी जन्म गेला तो मी कधी पाहिलाच नव्हता हे कळलं. मग आमच्या भागातल्या मुलांसाठी आम्ही आमच्या परीने सुरुवात केली.

गेल्या महिन्यात एका शाळेने ठरलेली फेरी रद्द केली. वर्सोवा-भाईंदर रस्त्यासाठी कांदळवन तोडू नये, अशा एका पत्रावर आमच्या गटाने सही केली होती. ते कुणीतरी शाळेला दाखवलं. निरोप आला : मुलांना निसर्ग दाखवा, वादात ओढू नका. आता गटातच दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, सह्या-मोर्चे बंद करू, म्हणजे शाळांची दारं उघडी राहतील.

मला हे पटत नाही, आणि का ते सांगते. हाजी अलीच्या खडपाचा २०१८ चा एक फोटो मी लॅमिनेट करून पिशवीत ठेवते. पुढे एक पसरट काळा दगड, त्याच्या खोबणीत पाणी, आणि त्यात नाण्यांसारखे चिकटलेले हिरवे झोअँथिड, प्रवाळाच्या जातकुळीतले जीव. मागच्या एका फेरीत सातवीतल्या एका मुलाने तो फोटो हातात घेतला आणि दगड शोधायला लागला. फोटोतला दर्गा आणि समोरचा दर्गा जुळवत डावीकडे सरकला, परत आला, फोटो डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटला. मग वळून किनारा मार्गाच्या (कोस्टल रोडच्या) भरावाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. “ताई, तो हिच्या खाली आहे.” सोबतच्या शिक्षकांनी मला खुणेने पुढे चला म्हटलं, आणि मी चालायला लागले. त्या मुलाला उत्तर दिलं नाही, याची टोचणी अजून आहे.

समुद्रफुलाला हलकेच बोट लावलं की ते मिटतं, हे शिकवायचं. ते का राहिलं नाही, हे मात्र सांगायचं नाही? तुम्हाला काय वाटतं?

---

वर्गशिक्षिका_परळ

ताई, तुमची तळमळ दिसते. तरी मी शाळेच्या बाजूने बोलणार.

किनारा मार्गाच्या भरावाचं काम चालू होतं तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील तिथे डंपर चालवत होते. नवा युनिफॉर्म त्या पगारातून आला, हे तो सगळ्यांना सांगत फिरायचा. आता त्याला खडपावर उभं करून सांगायचं, की हे सगळं भरावाने गाडलं? तो मुलगा घरी जाऊन वडिलांच्या डोळ्याला डोळा कसा देणार? अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हे ओझं ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आधी प्रेम बसू द्या. वर्सोव्याचं बघा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह आणि त्यांच्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी दोघांनीच कचरा उचलायला घेतला. कुणाच्या विरोधात घोषणा नाही. आठवड्यामागून आठवडे लोक येत गेले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. त्या कामात झोपडपट्टीतला माणूसही होता आणि बंगल्यातलाही. विरोधाचा झेंडा हातात घेतलात की निम्मी माणसं पहिल्याच दिवशी गमावता.

---

साष्टीकर

बाई, वर्सोव्याच्या कामाला माझाही नमस्कार. पण कचरा उचलून किनारा स्वच्छ होतो, किनारा *राहतो* का हे दुसरीकडे ठरतं.

मुंबईची कांदळवनं आज जेवढी आहेत तेवढी का आहेत? बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप कोर्टात गेला म्हणून. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तोड आणि भराव यांवर बंदी घातली. सरकारचा कांदळवन कक्ष त्यानंतर, २०१२ मध्ये आला. त्या याचिकेआधीही शाळाशाळांत ‘झाडे लावा’च्या निबंधस्पर्धा होतच होत्या. त्यांनी कांदळवनातलं एक तिवर वाचलं असेल तर सांगा.

आणि तुम्ही ज्याला नुसतं प्रेम म्हणता, ते कोर्टात कसं उपयोगी पडतं तेही बघा. हाजी अली आणि वरळीच्या खडपांवर प्रवाळ आहे, हे हौशी माणसं ओहोटीला गुडघ्यावर बसून फोटो काढत होती म्हणून लोकांसमोर आलं. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने किनारा मार्गाची मंजुरी रद्द केली, तेव्हा वन्यजीव कायद्याखालची परवानगीही घ्यावी लागेल असं बजावलं. फेरी आणि याचिका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

---

दहिसर_ते_परळ

साष्टीकर, पुढचंही लिहा की. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. २०२० मध्ये प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग सुरू झाला. म्हणजे हाती काय आलं? मधल्या काळात काम रखडलं, खर्च आपल्याच खिशातून गेला.

मी पर्यावरणाचा शत्रू नाही. माझ्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला दहिसरहून परळला नेतो. लोकलमध्ये त्यांना चढवता येत नाही. हायवेवर गाडी अडकली की मागच्या सीटवर ते डोळे मिटून बसतात आणि मी आरशात बघत राहतो. उत्तरेकडचा वर्सोवा-भाईंदर रस्ता माझ्यासाठी म्हणूनच महत्त्वाचा आहे. रस्ता नको म्हणणाऱ्या एकाही पत्रात माझ्या वडिलांसाठी काय करायचं ते लिहिलेलं नसतं.

मुलांना खडपावर जरूर न्या. माझ्या मुलीलाही पाठवतो. पण ती घरी येऊन मला गुन्हेगार समजायला लागली तर ते शिक्षण मला नको.

---

साष्टीकर

तुमच्या वडिलांचं वाचून पोटात कालवलं, खरंच. पण मग भांडण बोरिवलीच्या आसपास चांगली डायलिसिस केंद्रं आणि वेगळी बसमार्गिका यांसाठी करू या, मी येतो. तिवरं तोडली तर पहिलं पाणी उपनगरांतच शिरणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी फुगली, आणि पाण्याला बाजूला व्हायला जागा नव्हती. दोन दिवस आम्ही गच्चीवर काढलेत.

---

खुबेवाली

मी वरळी कोळीवाड्यातली. सगळे प्रतिसाद वाचले. सगळेजण मुलांना काय शिकवायचं यावर बोलताय. आम्हाला काय माहीत आहे ते कुणी विचारलं का?

माझी सासू पुनवेच्या, अवसेच्या ओहोटीला पहाटे खडपावर जायची, कालवं काढायला. कुठल्या दगडावर पाय द्यायचा, कुठला निसरडा, पाणी कुठून फिरतं, कुठल्या खाचेत यंदा काही नाही म्हणून तिला सोडून द्यायचं, हे सगळं तिच्या पायांना ठाऊक होतं. तुमच्यासारख्या फेऱ्यांमधली मुलं तिच्या बाजूने जायची, तिची टोपली बघायची. एकदा एका ताईंनी मुलांना सांगितलं, “खडपावरून काही उचलायचं नाही, हे त्यांचं घर आहे.” सासूच्या हातात तेव्हा कालवं होती. मुलं तिच्याकडे बघायला लागली. ती काही बोलली नाही, पण घरी येऊन म्हणाली, आता आपणच चोर झालो.

आंदोलनाचं म्हणाल तर आमच्या नाखव्यांनी, म्हणजे होडीवाल्यांनी, होड्या घेऊन किनारा मार्गाचं समुद्रातलं काम अडवलं. आमच्या क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडताना त्या मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर जागा ठेवली होती. उधाण असताना, वारा आडवा असताना त्यातून होडी काढून बघा. आमच्या माणसांनी १६० मीटर मागितले. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात १२० मान्य झाले. निम्मं मिळालं म्हणा, पण त्यासाठी रोजची कमाई बुडवून माणसं बसली होती. त्या दिवसांत निसर्गप्रेमी मंडळी आली, नाही असं नाही. मोजकी होती.

शाळेने तुमची फेरी बंद केली याचं दुःख मला कळतं. पण तुमच्या फेरीत आजवर कोळीवाड्यातली किती मुलं होती?

---

पाचट

खुबेवालीताई, तुमच्या प्रश्नापुढे माझं काही मोठं नाही. तरी एक पाहिलेलं सांगतो. मी कामानिमित्त काही वर्षं मॉरिशसला होतो. तिथे दीड-दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे, आडनावं ऐकून आपलं माणूस भेटल्यासारखं होतं. २५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ नावाचं जहाज तिथल्या प्रवाळाच्या कड्यावर चढलं. बारा दिवसांनी त्यातून तेल गळायला लागलं, साधारण हजार टन. माहेबूर गावच्या धक्क्यावर लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून, शिवून, लांबच लांब वळकट्या केल्या आणि त्या पाण्यात सोडून तेल अडवलं. म्हाताऱ्या बायका शिवत होत्या, पोरं पाचट कोंबत होती. सरकार म्हणत होतं, हे आमच्यावर सोपवा, लांब राहा. कुणी हललं नाही. महिना संपायच्या आत हजारो माणसं राजधानीत रस्त्यावर उतरली.

तिथे इको-सूद म्हणून स्थानिक संस्था आहे. मुलांना खाजण, प्रवाळ दाखवणं आणि पाणथळ जागेवर बांधकाम नको म्हणून भांडणं, दोन्ही तीच करते. तेल आलं त्या दिवशी कुणाला कुठे उभं राहायचं हे विचारावं लागलं नाही, कारण खाडी लोकांच्या ओळखीची होती. शाळेने दार लावलं म्हणून सही मागे घेऊ नका, एवढंच म्हणणं.

---

वर्गशिक्षिका_परळ

खुबेवालीताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून मी बराच वेळ नुसती बसले. “काही उचलायचं नाही” हे वाक्य मीही मुलांकडून पाठ करून घेतलं आहे.

माझं मूळ मत बदललेलं नाही. सातवीच्या मुलाला पत्रावर सही करायला लावणं चूक, आणि डंपरवाल्याचा मुलगा माझ्या नजरेसमोरून हलत नाही. पण मुलाने स्वतः विचारलं, “दगड कुठे गेला?” तर गप्प बसणं हेही शिकवणं नव्हे. ओहोटीवालीताई, तुम्ही उत्तर द्यायला हवं होतं. “भरावाखाली गेला. रस्ता हवा होता म्हणून केला. काही लोकांना तो हवा होता, काहींना नको होता.” एवढं सांगितलं तर कुठल्याही घरात भांडण होत नाही. वर्सोवा-भाईंदरबद्दल मुलांनी विचारलं तरी असंच सांगा. तुम्ही स्वतः सही करा, मोर्चाला जा, तो तुमचा हक्क आहे. फेरीत मात्र फलक नको.

---

दहिसर_ते_परळ

हे असं सांगणार असाल तर माझी हरकत नाही. मुलीला पाठवीन.

---

ओहोटीवाली

सगळ्यांची आभारी आहे. काल गटाची बैठक झाली, तिथे हा धागा मोठ्याने वाचून दाखवला.

सही मागे घेणार नाही. त्यावर दोघे गट सोडून गेले, आणि ते माझे जवळचे मित्र होते. फेरीत कुणाकडून सही घेणार नाही, घोषणा देणार नाही. पण २०१८ चा फोटो पिशवीत राहील आणि मुलाने विचारलं की खरं सांगू. दहिसरकर, तुमच्या वडिलांसारख्यांचं काय, याला आमच्या पत्रात खरंच एक ओळ नव्हती. पुढच्या पत्राचा मसुदा तुम्हाला आधी दाखवते, खोडून द्या.

खुबेवालीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : एकही नाही. नऊ वर्षांत एकही नाही. “काही उचलायचं नाही” म्हणणारी बाई मीच असेन असं मला वाटतं, कारण हे वाक्य मी प्रत्येक फेरीत म्हटलं आहे. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या किंवा तुम्ही येत्या पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मुलांना खडप दाखवायला याल का? बाहेरच्या तज्ज्ञांना जेवढं मानधन देतो तेवढंच देऊ. कोळीवाड्यातल्या मुलांसाठी जागा आधी राखून ठेवते.

---

खुबेवाली

सासू आता गुडघ्यांमुळे खडपावर उतरत नाही. धक्क्यावर बसून सांगेल म्हणते. मी उतरेन. सहाला पाणी पार आत गेलेलं असेल, तुम्ही साडेपाचलाच या. मुलांना चपला नकोत, तळाला पकड असलेले बूट घालायला सांगा. आणि टोपली माझ्याबरोबर असेल.