फाइटमध्ये मोठी पोरं लहानांना जोरात मारतात. क्लासला शिस्त कशी लावावी?

उदगीर_कराटे:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी कराटेचा क्लास आहे. पोरं-पोरी मिळून ४०, वय ६ ते १७. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी ६ ते ७.१५. भाड्याचा हॉल, खाली शहाबादी फरशी, त्यावर मीटर बाय मीटरच्या २० फोमच्या मॅट. शिकवणारा मी एकटाच.
अडचणी तीन. ब्राऊन बेल्टची तिघं फाइटला उतरली की खालच्या बेल्टवाल्यांना लागतंच. नाक, ओठ, बरगडी. ओरडून फरक पडत नाही. दुसरं, उशिरा आलेल्याला १०० उठाबशा ही आधीच्या सरांपासून चालत आलेली शिक्षा, ती ठेवावी का मोडावी? तिसरं, सलामीचं. तालमीत जाणारी काही पोरं येतात ती सरळ पाया पडतात, बाकीची नुसती मान हलवतात. पालकांचं बेल्टचं प्रकरण वेगळंच आहे, ते नंतर विचारतो.

गोदाकाठचा:
आधी मॅट मोजा. २० मॅट म्हणजे ४ बाय ५ मीटर. स्पर्धेचा आखाडा ८ बाय ८ असतो आणि कडेला आणखी मोकळी जागा लागते. तुमच्या जागेत मोकळी फाइट एका वेळी एकाच जोडीची. दोन जोड्या सोडल्या की मागे सरकणारा फरशीवर जातो, नाहीतर दुसऱ्याच्या पाठीवर. बाकीच्यांनी तोवर फरशीवर किहोन (मूळ ठोसे-लाथांचा सराव) किंवा काता (ठरलेल्या हालचालींची साखळी) करायचा, गोल करून ओरडत बसायचं नाही. प्रेक्षक जमले की ब्राऊन बेल्टचा हात आपोआप जड होतो.

आता लागतं का, ते बघा. प्रत्येक वेळी मोठ्याच्या मनात खुन्नस असते असं नाही. नवं पोर घाबरलं की मान खाली घालून आत घुसतं. समोरच्याचा ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, त्याच क्षणी बाहेर पडलेला असतो. दोन्ही अंगं एकमेकांकडे येत असल्यानं ठरवलेल्या अंतरावर थांबणारा हात नाकावर जातो. म्हणजे अर्धी चूक अंतर न शिकवल्याची आहे, आणि ती सरांची. स्पर्धेतसुद्धा जास्त लागलं तर मारणाऱ्याला ताकीद मिळते, पण स्वतःचा बचाव सोडून बेफिकीर आत घुसणाऱ्यालाही मिळते. मुबोबी म्हणतात त्याला. लागल्याचं नाटक करणाऱ्यालाही सोडत नाहीत. हे पोरांना समजावून सांगा.

पायऱ्या गाळल्या की हे होतंच. आधी गोहोन कुमिते (कुमिते म्हणजे जोडीनं लढायचा सराव), पाच पावलं, हल्ला कुठे येणार हे ठाऊक. मग इप्पोन, एकच हल्ला, तोही सांगून. मग जियू-इप्पोन, हलत हलत पण हल्ला सांगून. मोकळी फाइट या सगळ्यानंतर. ग्रीन बेल्टच्या खाली ती देऊच नये असं माझं मत आहे. बऱ्याच क्लासमध्ये येलो बेल्टलाच ग्लोव्हज चढवतात, कारण पोरांना मजा येते आणि पालक व्हिडिओ काढतात.

ब्राऊन बेल्टवाल्यांसाठी दोन गोष्टी करा.

एक, वर्तमानपत्राचं पान दोरीला चिमट्यानं टांगा, खालचं टोक मोकळं. पूर्ण वेगानं चुदान-झुकी (छाती-पोटाच्या उंचीचा ठोसा) मारायचा, पान हललं पाहिजे, फाटता कामा नये. उजव्या हातानं २०, डाव्यानं २०. मग पानाच्या जागी जोडीदाराचा ग्लोव्ह. ज्याला हे जमत नाही त्याचा सुनदोमे कच्चा आहे, बेल्ट कुठलाही असो. हात अंगाआधी थांबवणं हेच त्याचं कसब, आणि जोरात मारण्यापेक्षा ते अवघड जातं.

दोन, मोठा-लहान अशी जोड असली की मोठ्याला काम बांधून द्या. पहिला अर्धा मिनिट फक्त पाय हलवून अंतर राखायचं, हात उचलायचा नाही. पुढचा अर्धा मिनिट फक्त डाव्या हातानं उत्तर. शेवटचा अर्धा दोन्ही हात, पण छाती-पोटाला नुसता स्पर्श. चेहऱ्याकडे जाणारा प्रत्येक हात एक वीत अलीकडे थांबलाच पाहिजे. दीड मिनिटात संपवा. वेग कमजोर बाजूनं ठरवायचा. वजनात पाच-सात किलोंपेक्षा जास्त फरक असला तर आशी-बाराई, म्हणजे पाय झाडून पाडणं, बंद. शहाबादी फरशीवर तर ती सगळ्यांनाच बंद, डोकं आपटलं की खेळ संपला.

आणि डोक्याला लागून पोर गोंधळलं, उलटी झाली, डोकं दुखायला लागलं किंवा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागलं, तर त्या दिवशी परत उतरवायचं नाही. "मी ठीक आहे सर" हे त्याचं म्हणणं धरायचं नाही. पालकांना फोन, डॉक्टरकडे रवानगी.

लाल_माती:
वरच्या सरांनी फाइटचं सगळं सांगितलंय, मी उठाबशांवर येतो. मोडा ती शिक्षा. आजच.

कारण असं, बैठक ही मेहनत आहे. तालमीत नव्या लेकराला पहिल्या आठवड्यात २०-२५ बैठका, १०-१२ जोर, मग हप्त्याला थोडं थोडं वाढवत न्यायचं. सवय नसलेल्या लेकराला एकदम १०० लावल्या, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, पाणी न पिता, तर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, बसता-उठता येत नाही. एवढ्यावर भागलं तर नशीब. स्नायू फुटून त्यातलं रक्तात उतरलं की लघवी काळ्या चहासारखी होते, आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अशी लघवी दिसली की घरगुती उपाय करत बसायचं नाही, दवाखाना. दुसरं असं की ज्या बैठकीनं अंग बनवायचंय तीच शिक्षा म्हणून दिली, तर लेकरू पुढं मेहनतीला तोंड लपवतं.

उशिरा आला तर? तालमीत वस्तादानं मान हलवल्याशिवाय मातीत उतरायचं नाही. तुमच्या कराटेतही तेच आहे की. दारात थांबायचं, कडेला सेइझात (गुडघे टेकून टाचांवर) बसायचं, सरांनी खूण केली की झुकून आत. मग एकट्यानं पाच मिनिटं अंग गरम करून रांगेच्या शेवटी. थंड अंगानं सरळ फाइटला उभा केला की पायाचा स्नायू ओढलाच समजा. आणि काम द्यायचंच असलं तर मॅट गुंडाळायचं द्या. आमच्याकडं माती खणायची, पाणी शिंपडायचं असतं, तसं.

मोठ्यांनी लहानांना कसं वागवायचं हेही तालमीतून घ्या. मराठवाड्याला हे नवं नाही, पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ ला औरंगाबादलाच झाली. जोड वस्ताद लावतो, पोरं आपली आपण लावत नाहीत. वरचढ पैलवान लहानासमोर अंग सैल सोडून आधी त्याला एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) काढू देतो, दोन-तीनदा काढू दिल्यावर त्याची तोड, म्हणजे उलटा डाव, दाखवतो, मग हळूच खरा अडवतो. लहान्याला डाव लागतो आणि मोठ्याची तोड पक्की होते. खडाखडीत, म्हणजे उभ्यानं चालणाऱ्या झटापटीत, बोटं पिरगाळणं, डोळ्यात बोट जाईल असा हात टाकणं, मान मुरगाळणं, हे सरावात करणाऱ्याला त्या दिवशी माती नाही.

दुष्काळी:
सलामीचं काय पण? पाया पडणं आपली पद्धत आहे, ती सोडून जपानी झुकणं कशाला?

लाल_माती:
तालमीत माती कपाळाला लावतात, समोरच्याला हात देतात, ती त्या मातीची रीत. ज्या आखाड्यात उतरलात तिथली रीत पाळायची. कराटेच्या हॉलात माती नाहीच तर कपाळाला काय लावणार?

ज्युदोवाली_ताई:
पाया पडायला लावू नका, पडू दिलं तर सगळ्यांनीच पडावं अशी अपेक्षाही ठेवू नका. आपल्याकडच्या क्लासमध्ये सगळ्या जातिधर्माची मुलं असतात, आणि घरी कुणाच्या पाया पडायचं हे घरचे ठरवतात. झुकणं मात्र सगळ्यांना सारखं ठेवता येतं, कारण तो जोडीदाराशी केलेला करार असतो: तुझं अंग मी सांभाळीन, माझं तू सांभाळ.

ते नीट शिकवा. टाचा जुळवून, हात मांडीच्या बाजूला, कमरेतून साधारण ३० अंश. मान एकटी खाली टाकायची नाही. बसून करताना आधी डावा गुडघा टेकायचा, उठताना आधी उजवा उचलायचा. वेळ महत्त्वाची: फाइटच्या आधी एकदा आणि संपल्यावर ग्लोव्हज काढायच्या आधी एकदा. रागात असलेलं पोर दुसऱ्यांदा झुकायला टाळाटाळ करतं, तिथेच तुम्हाला कळतं कुणाशी बोलायचंय.

टॅपचा, म्हणजे थाप मारून "सोड" सांगायचा, नियम कराटेवाल्यांनीही घ्यावा, कारण हल्ली स्वसंरक्षणाच्या नावाखाली सगळेच हात मुरगाळायला शिकवतात. जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप, हात अडकला असेल तर जमिनीवर, तेही नाही तर तोंडानं. पहिल्या थापेलाच सोडायचं, मोजत बसायचं नाही. गळ्याच्या शिरा दोन्ही बाजूंनी दाबल्या तर दहा सेकंदांच्या आतबाहेर शुद्ध जाते, म्हणून लहान मुलांना गळा आवळणं आणि कोपर उलटं करणं शिकवूच नका. थाप मारल्यावर हसणाऱ्याला लगेच बाहेर बसवा. एकदा हसलं की पुढच्या वेळी कोणी थाप मारत नाही, सहन करतं, आणि मग खांदा जातो.

मुलींबद्दल. पवित्रा सुधारताना हात लावायचा असेल तर आधी विचारा, "कोपर धरून दाखवू का?" शक्यतो काठीनं किंवा स्वतः करून दाखवा. कंबर, मांडी, छाती इथे हात लावायची गरज कुठल्याच तंत्रात पडत नाही. कपडे बदलायची खोली वेगळी, तिला आतून कडी. एकट्या मुलीला थांबवून "खास सराव" नाही, रात्री वैयक्तिक मेसेज नाहीत. सूचना पालकांच्या ग्रुपवर. १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यात असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, त्यामुळे "गावात मिटवून टाकू" म्हणणारे कार्यकर्ते आले तर ऐकू नका. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर हॉलच्या भिंतीवर लिहून ठेवा.

नखं, अंगठ्या, कडं, कानातलं रोज तपासा. मनगटातला दोरा काढायचा नसेल तर त्यावर पट्टी गुंडाळा. गोल, कडा उठलेला, खाजणारा चट्टा दिसला तर तो नायटा, मॅटवर प्रवेश नाही. मेडिकलवर मिळणारी तिहेरी मलमं लावून येतात, त्यात स्टिरॉइड असतं. चार दिवस दबतं आणि मग मांडीभर पसरतं. मॅट पुसायला पाणी नाही ही सबब आपल्याकडे नेहमीची, पण अर्धी बादली पुरते. ५ लिटर पाण्यात ५० मिली साधं ब्लीच, फडक्यानं ओलं करून दहा मिनिटं राहू द्या, मग कोरडं पुसा. संडासचं ॲसिड त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो.

उदगीर_कराटे:
खूप उपयोगी. आता ते बेल्टचं. एक पालक म्हणतात, "सहा महिन्यांत दोन बेल्ट द्या, फी डबल घ्या." शेजारच्या गावात दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट देतात म्हणे. नाही म्हटलं तर पोर तिकडे जातं. आणि ब्राऊनवाल्यांपैकी एकानं वरचं सगळं करूनही मारलंच, तर काय?

गोदाकाठचा:
हिशोब कागदावर मांडून दाखवा. क्यु म्हणजे ब्लॅक बेल्टच्या खालच्या पायऱ्या, दहावा सगळ्यात खालचा. दहाव्या क्युपासून चौथ्यापर्यंत सहा पायऱ्या, प्रत्येकीला ४ महिने, झाले २४. पुढे तिसरा, दुसरा, पहिला आणि शोदान (ब्लॅक बेल्टची पहिली पायरी), चार पायऱ्या, प्रत्येकीला ६ महिने, आणखी २४. एकदाही नापास न होता चार वर्षं. दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट म्हणजे कुठेतरी पायऱ्या गाळल्यात. बेल्टचा रंग मुळात शिकवणाऱ्याच्या सोयीचा, कोण कुठवर आलंय हे दुरून दिसावं म्हणून. ज्युदोवाल्यांकडून हे कराटेत आलं, आणि तिथेही बहुतेक रंग नंतर युरोपात वाढले.

खरी गोम पैशात आहे. महिन्याची फी कमी ठेवून परीक्षेच्या फीवर क्लास चालवला की सरांनाच सगळे पास करावेसे वाटतात. महिन्याची फी पुरेशी ठेवा, परीक्षा, बेल्ट, सर्टिफिकेट यांचे आकडे प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्या. परीक्षेचा फॉर्म तुम्ही "तयार आहे" म्हटल्यावरच भरायचा. वर्षात तीन तारखा आधीच जाहीर. काय येणार तेही भिंतीवर: कुठला काता, कुठले किहोन, हजेरी किती, आणि वागणुकीचे गुण. वागणुकीत नापास तो परीक्षेत नापास, मावाशी (गोल फिरवून मारलेली लाथ) कितीही उंच जावो. जाणारे चार जातील.

मारणाऱ्या ब्राऊन बेल्टचं सांगतो. फाइट तिथल्या तिथे थांबवा, लागलेल्याकडे आधी बघा, त्याच्याकडे नंतर. सगळ्यांसमोर अपमान नाही; क्लास सुटल्यावर बाजूला घेऊन बोला. दोन आठवडे मोकळी फाइट बंद, बाकी सगळं चालू, आणि त्या वेळेत लहानांसाठी पॅड धरायचा. पॅड धरताना लहानाचा हात कुठे डगमगतो ते त्याला दिसायला लागतं. पुन्हा केलं तर पालकांना बोलवा.

एक मात्र करू नका. "थांब, तुला दाखवतो" म्हणून स्वतः ग्लोव्हज घालून त्याला झोडपणं, किंवा त्याच्याहून मोठ्याला त्याच्यावर सोडणं. बरेच सर हे करतात आणि त्याला शिस्त म्हणतात. पोर एवढंच शिकतं की ताकदवाल्यानं मारलेलं चालतं.

लाल_माती:
ह्याला अनुमोदन. वस्तादाचा हात लेकरावर उठला की तालमीतली सगळीच मोठी पोरं वस्ताद व्हायला लागतात.

उदगीर_कराटे:
उद्यापासून मोकळी फाइट एकाच जोडीची. उठाबशा बंद. पान टांगायला हॉलच्या मधल्या खांबाला खिळा आहे, तिथेच लावतो.

ज्युदोवाली_ताई:
मधला खांब? मॅटपासून किती लांब आहे? दोन मीटरच्या आत असेल तर आधी त्याला जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत जुनी गादी बांधा, दोरीच्या गाठी मागच्या बाजूला. पान दुसरीकडे टांगा.