शब्दचर्चा : भावानं वशिला लावला की नातं वटवलं?

प्रश्न (परभणी) : जिमी कार्टर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना त्यांचा धाकटा भाऊ बिली यानं जे धंदे केले, त्यावर टिपण लिहितोय. ‘कार्टरांची भाऊबंदकी’ असं शीर्षक दिलं, ते संपादकांनी खोडलं. का?

उत्तर (नांदेड) : खोडलं ते बरंच केलं, दादा. भाऊबंदकी म्हणजे भावाभावांतलं वैर. बांध कोरला, विहिरीची पाळी मोडली, कोर्टात तारखा पडल्या. ही खरी भाऊबंदकी. भावानं भावाच्या नावावर खाणं हे तिच्या अगदी उलट!

परभणी : मग ‘गुत्तेदारी’? आपल्याकडं पुढाऱ्याचा भाऊ म्हटलं की आधी तेच डोळ्यापुढं येतं.

नांदेड : येऊ द्या, पण इथं लागू नाही. गुत्तं म्हणजे ठरल्या रकमेत काम अंगावर घेणं. शब्द तेलुगू-कन्नडच्या शेजारातला. पुण्याकडं ‘गुत्तेदार’ म्हणालात तर लोक थेट दारूच्या गुत्त्यावर पोचतील. (बिलीच्या बाबतीत तेही फारसं चुकलं नाही म्हणा.) त्यानं सरकारी काम घेतलंच नव्हतं. प्लेन्स या गावात त्याचा पेट्रोल पंप, शिवाय घरच्या भुईमुगाच्या शेंगांच्या वखारीचा कारभार. 1977 मध्ये भाऊ राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी केंटकीतल्या फॉल्स सिटी कंपनीनं ‘बिली बिअर’ काढली. डब्यावर ठळक अक्षरात याचं नाव. 1978 मध्ये ती बंदही पडली. आता सांगा, यात कुठली फाईल हलली? वशिल्याला खुर्चीवरच्या माणसानं काहीतरी करावं लागतं. इथं त्यानं नुसतं भाऊ असणं पुरलं. याला ‘नातं वटवणं’ म्हणतात. हुंडी वटवतो, चेक वटवतो, तसं. पत एकाची, रोकड दुसऱ्याची.

उत्तर (लातूर) : बिअरपुरतं मान्य. पण लिबियाचं काय? 1978 मध्ये बिली तिकडं जाऊन आला. पुढं त्या सरकारकडून 2,20,000 डॉलर घेतले, म्हणे कर्ज. न्याय खातं मागं लागलं तेव्हा जुलै 1980 मध्ये परदेशी सरकारचा हस्तक म्हणून नोंदणी केली. भावाची निवडणूक तोंडावर असताना! सिनेटची चौकशी बसली. हे वशिलेबाजीतच जमा धरा.

नांदेड : त्याच चौकशीनं बिलीला आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांनाही खडे बोल सुनावले, पण बिलीमुळं अमेरिकेचं धोरण बदललं असा पुरावा सापडला नाही. म्हणजे वट होती असं लिबियाला वाटलं, त्या वाटण्याचे पैसे यानं घेतले. वटवणंच ते.

लातूर : थांबा, अजून एक आहे. इराणमध्ये अमेरिकन लोक ओलीस होते. नोव्हेंबर 1979 मध्ये व्हाइट हाऊसनंच बिलीला मध्ये घालून लिबियाच्या वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधीशी भेट जुळवली, सुटकेसाठी त्यांनी शब्द टाकावा म्हणून. ‘वशिला’ अरबीतून आलेला, मूळ अर्थ साधन. मग इथं साधन कोण झालं?

नांदेड : हां, हे मात्र पटलं. वशिला लागला, पण लावला मोठ्यानं आणि तोही धाकट्याचा.

परभणी : म्हणजे शीर्षक काय देऊ?

नांदेड : ‘वटवलेलं नातं’ द्या. ओलिसांच्या परिच्छेदात ‘वशिला’ खुशाल लिहा, फक्त कर्ता बदला. आणि संपादकांनी पुन्हा खोडलं, तर त्यांनाच या चर्चेत बोलवा.