साडेनऊ महिन्यांचं बाळ दूध नको म्हणतंय: दामटायचं की सोडून द्यायचं?

देवगडची_आई
माझा लेक साडेनऊ महिन्यांचा आहे. सहा महिने पुरे झाल्यावर उष्टावण केलं. गेले बारा-तेरा दिवस तो अंगावर प्यायला तयार नाही. दिवसातून सहा-सात वेळा पिणारं पोर आता मध्यरात्री एकदा आणि पहाटे एकदा पितं, तेही अर्धवट. दिवसा जवळ घेतलं की पाठ ताठ करतो, तोंड फिरवतो. पेज आणि मऊभात मात्र मिटक्या मारत खातो. ताप नाही, खेळतोय.

सासूबाई म्हणतात, "पोट भरला काय पोर तोंड फिरवता. तेका कित्याक दामटतंस?" माझी आई फोनवर सांगते, बोंडल्याने गाईचं दूध घाल, नाहीतर हाडं कच्ची राहतील. परवा तिचं ऐकलं. मांडीवर आडवा धरून बोंडलं लावलं, त्याला ठसका लागला, सगळं ओकला, आणि आम्ही दोघंही रडत बसलो.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. बाळ दूध सोडत असेल तर सोडू द्यावं, पोटभर जेवतंय ना! कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर सांगा, पण कारणासकट सांगा.

खाडीपलीकडे
ताई, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. मी राजापूरकडचा, वय एकाहत्तर. आमच्या लहानपणी कोकणात दूध होतं कुठे? आपली गावठी गाय, जिला आता 'कोकण कपिला' म्हणतात, ती डोंगर चढणारी, काटक, पण दुधाला कमी. वासराचं भागवून घरात चहापुरतं यायचं. आम्ही पाच भावंडं नाचणीच्या सत्त्वावर, उकड्या तांदळाच्या पेजेवर आणि कुळथाच्या पिठीवर वाढलो. पिशवीचं दूध घाटावरून यायला लागलं तेव्हापासून 'बाळाला ग्लासभर दूध हवंच' हे डोक्यात बसलंय. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गाईच्या शंभर मिलि दुधात सुमारे १२०. मग हाडं कच्ची कशी राहतील?

मुडदुशी
काका, नाचणीचा आकडा खरा आहे, पण साडेनऊ महिन्यांचं पोर शंभर ग्रॅम नाचणी खातं का? माझ्या मुलीच्या एका वेळच्या खिरीत जेमतेम वीस ग्रॅम पीठ पडायचं. म्हणजे सत्तर मिलिग्रॅम. त्यात सत्त्व गाळून घेतलं की कोंडा फडक्यात राहतो, त्यातही जातंच.

आणि तुम्ही पाच भावंडं गाईच्या दुधाशिवाय वाढलात, आईच्या दुधाशिवाय नाही. कोकणातल्या बाया मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत पाजत होत्या. पेज त्याच्या जोडीला होती. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा जास्त. सहा ते बारा महिन्यांत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेतली निम्मी किंवा जास्त या दुधातूनच मिळू शकते. म्हणून 'सोडू द्यावं' हे मला अजिबात पटत नाही. वर्षाच्या आतलं बाळ आपणहून कायमचं दूध तोडतं, असं क्वचित होतं. बहुतेक वेळा ते रुसलेलं असतं, आणि त्याला कारण असतं. सर्दीने नाक बंद, कानात ठणका, दात, तोंडात पांढरे चट्टे. ताई, तुम्ही त्याचं तोंड आतून पाहिलंत का?

गुहागरचा_बाबा
मी दुसऱ्या टोकाचा अनुभव सांगतो, कारण तुमच्या आईंसारखीच माझीही समजूत होती. आमची मुलगी दहाव्या महिन्यापासून गाईच्या दुधावर. दीड वर्षाची झाली तेव्हा दिवसाला लिटरभर प्यायची आणि जेवायला तोंड उघडायची नाही. आम्हाला कौतुक वाटायचं. गुबगुबीत होती, फक्त रंग फिका पडत चालला होता, ते रोज बघणाऱ्या आमच्या लक्षात आलं नाही. मुंबईहून आलेल्या आत्याच्या आलं. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, जेवणातलं लोह शोषायलाही ते आडवं येतं, आणि लहान बाळाच्या आतड्यातून त्याने नकळत थोडं रक्तही जाऊ शकतं. म्हणून वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य पेय करू नये. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. आम्ही दूध दोन कपांवर आणलं आणि आठवडाभर घरात रडारड झाली. पण मग ती भाताबरोबर माशाचा तुकडा मागायला लागली. म्हणून ताई, आईच्या दुधाचं काय करायचं ते या सगळ्याजणी सांगतील, पण बोंडल्याने गाईचं दूध दामटणं आजपासून बंद करा.

दापोलीची_काकू
अंगणवाडीत सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आधी एक गोष्ट, आणि ही मताची नाही: आडवं धरून बळेच दूध घालायचं नाही. ठसका लागून दूध श्वासनलिकेत जातं. बोंडलं असो वा वाटी-चमचा, बाळ बसतं धरायचं आणि त्याने ओठ पुढे केले तरच द्यायचं.

आता पेज. खाडीपलीकडे राहणारे भाऊ, पेजेवर माझंही प्रेम आहे, पण साडेनऊ महिन्यांच्या बाळाचं पोट केवढं? वजनाच्या किलोमागे तीस मिलि धरतात. आठ किलोचं पोर म्हणजे एक मोठी वाटी. ती वाटी पातळ पेजेने भरली तर पोट टम्म होतं, बाळ तोंड फिरवतं आणि घरातले म्हणतात छान जेवला. आत बहुतेक पाणीच गेलेलं असतं. आईचं दूध त्या पेजेपेक्षा कितीतरी कसदार. त्यामुळे दिवसा आधी अंगावर पाजायचं, मग थोड्या वेळाने जेवण. आणि जेवण घट्ट हवं, चमचा तिरका केला तरी ओघळू नये असं. मऊभातात डाळ, तूप, उकडलेलं अंडं कुस्करून, मुडदुशी माशाचा काटा बोटांनी चाचपून काढलेला गर. एवढ्या पोराला दिवसात तीन-चार वेळा. आशाताई लोहाचं औषध देते, आठवड्यातून दोनदा एक मिलि, ते चुकवू नका.

घाबरायचं कधी? लंगोट दिवसभरात सहापेक्षा कमी ओले झाले, लघवी गडद झाली, बाळ मलूल पडलं किंवा कार्डावरची वजनाची रेघ आडवी झाली तर. मे महिन्याच्या उकाड्यात पहिली दोन तर रोज बघायची.

खाडीपलीकडे
काकू, पातळ पेजेचं म्हणणं मान्य. आमची आई पेजेतला वरचा निवळ स्वतः प्यायची आणि खालची शितं आम्हाला भरवायची, हे आत्ता आठवलं. पण दामटण्याच्या विरोधातलं माझं मत बदलत नाही. आणि दूध अगदीच कमी पडलं तर घरचं नारळाचं दूध का नको?

मुडदुशी
काका, नारळाच्या दुधात चरबी भरपूर, पण कॅल्शियम आणि प्रथिनं अगदी कमी. नावापुरतंच दूध ते. भातात चमचाभर घाला, पण दुधाच्या जागी नको. त्यापेक्षा घरी विरजलेलं गोडं दही बरं, वाटीत दोन-तीन चमचे. दामटू नये यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. दामटलं तर रुसवा वाढतो.

देवगडची_आई
मुडदुशीताई, तुमचं वाचून त्याचं तोंड पाहिलं. चट्टे नाहीत. वरचे दोन दात हिरडीतून बाहेर आलेत. आणि मग आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी पिताना तो मला कडकडून चावला होता आणि मी जीव खाऊन ओरडले होते. तो दचकून किती वेळ रडत होता. दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं. मला हे दोन्ही जोडून बघायचं सुचलंच नाही.

काल दुपारी खोलीत काळोख केला, पंखा लावला, त्याला न पाजता नुसतं उघड्या अंगाशी घेऊन पडले. झोपेत आल्यावर त्याने स्वतःच शोधलं आणि दहा मिनिटं प्यायला. आज सकाळी जागेपणी पुन्हा नको म्हणाला, मी सोडून दिलं. पेज आता जेवणाच्या वाटीतून बंद केलीय, सासूबाईंना काकूंचं म्हणणं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शितं तेका, निवळ माका.

लंगोट काल सात झाले. गुरुवारी अंगणवाडीत वजन आहे, कार्ड घेऊन जातेय.