मदत हवी आहे: टॉमी डग्लस 'मिनिस्टर' होते, पण कुठले?

नमस्कार मंडळी. मंडळाच्या अंकासाठी कॅनडाच्या टॉमी डग्लस यांच्यावर लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. १९३०च्या सुमारास ते सस्कॅचवानमधल्या वेबर्न गावी बॅप्टिस्ट चर्चचे 'मिनिस्टर' होते. हे 'मंत्री' लिहिलं तर घोटाळाच, कारण पुढे १९४४ ते १९६१ ते त्या प्रांताचे मुख्यमंत्रीही होते! 'फादर' कॅथलिकांचे, म्हणून तेही नको. प्रोटेस्टंट मंडळींमध्ये 'पाळक' म्हणतात ना? की 'रेव्हरंड' बरं?

दुसरी शंका मोठी आहे. लहानपणी हाडाच्या आजाराने त्यांचा पाय कापायची वेळ आली होती, एका सर्जनने फुकट उपचार केले म्हणून तो वाचला. पुढे मंदीत आणि दुष्काळात होरपळलेले शेतकरी त्यांनी वेबर्नला पाहिले. मुख्यमंत्री झाल्यावर १९४७ मध्ये त्यांच्या सरकारने प्रांतात सरकारी इस्पितळ विमा आणला. १९६२ च्या जुलैत सर्वांसाठी वैद्यकीय विमा लागू झाला तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. डग्लस तोवर नव्या पक्षाचं नेतृत्व करायला ओटावाच्या, म्हणजे देशपातळीवरच्या राजकारणात गेले होते, त्यामुळे तो संप त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री वुड्रो लॉईड यांनी निस्तरला. बिचाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही.

आता अडचण अशी की १९३३ च्या एम.ए. प्रबंधात याच डग्लस यांनी 'सदोष' ठरवलेल्या लोकांच्या नसबंदीची भलामण केली होती. सत्तेत आल्यावर त्यांनी तसं काही केलं नाही. दोन पानी लेखात हे कुठे घालावं? सुरुवातीलाच की शेवटी?