कॅड-कॅमच्या पेपरात बेझिएरची गणितं हवीत कशाला?

चाकणवासी
दर पावसाळ्यात आमच्याकडे मेकॅनिकलचे फ्रेशर मुलाखतीला येतात. कॅड-कॅमला (कॉम्प्युटरवर डिझाइन आणि मशीनिंग) सगळ्यांना झकास मार्क. चार कंट्रोल पॉइंट दिले की त्यांवरून आकार ठरणाऱ्या बेझिएर वक्रावरचा मधला बिंदू कागदावर काढून देतात. मग मी ड्रॉइंग पुढे सरकवतो. त्यावर बोअर म्हणजे गोल भोक, माप २५ एच७ (२५ मिमी, आणि एच७ ही टॉलरन्सची, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची खूण). हा बोअर जास्तीत जास्त केवढा चालेल? चिडीचूप. (२५.०२१. पाठ नको हो, टॉलरन्सचा तक्ता टेबलावरच ठेवलेला असतो.)

माझं म्हणणं सरळ आहे. ब्रेझनहॅमची (स्क्रीनवर रेषा काढायची) कोष्टकं, बेझिएर, मॅट्रिक्सचे गुणाकार हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांना देऊन टाका. तो वेळ मशीनवर घालवा.

यंत्र_मास्तर
साफ असहमत. टॉलरन्स येत नाही म्हणून बेझिएरला फाशी? हे गणित आलंच मुळी गाडीच्या कारखान्यातून. पियेर बेझिएर रेनोचे इंजिनिअर. त्यांच्याही आधी पॉल द कास्तलजो यांनी सित्रोएनमध्ये तेच मांडलं होतं, पण कंपनीनं बाहेर फुटू दिलं नाही. बॉडीचा वक्र डायपर्यंत (पत्रा दाबायच्या साच्यापर्यंत) जसाच्या तसा पोचवायचा कसा, ही त्यांची अडचण होती.

आता तुमच्या मशीनवरच येतो. कटरला त्रिज्या असते, म्हणून त्याचा मध्य पृष्ठभागापासून तेवढा लांबून चालवावा लागतो. पण बेझिएरला समांतर काढलेला वक्र सहसा बेझिएर राहत नाही! मग कॅम सॉफ्टवेअर त्याचे सरळ रेषेचे तुकडे पाडतं. जी०१ (सरळ रेषेत कापायची आज्ञा), जी०१, हजारो ओळी. तुकडा केवढा, ते तुम्ही टॉलरन्सच्या रकान्यात (तुकडा खऱ्या वक्रापासून किती मिमी हटलेला चालेल) काय भरता त्यावर. ५० मिमी त्रिज्येच्या कंसाला ०.०१ भरलं तर तुकडा सुमारे २ मिमीचा. घाईत कुणी ०.१ ठेवलं की तो ६ मिमीच्या पुढे जातो, डायवर पैलू उमटतात आणि पॉलिशवाला आईबहीण काढतो. हिशोब पायथागोरसचाच आहे. नुसती बटणं शिकलेला मात्र मशीनला दोष देत बसतो.

भोसरी_व्हीएमसी
मास्तर, पैलूंचं शंभर टक्के खरं. पण पेपरात हे विचारता का कधी? माझा पुतण्या शिकतोय, पेपर बघितलेत मी. 'बिंदू काढा, आलेख काढा', संपलं.

लेथवरचं सांगतो. टूलच्या टोकाला ०.८ मिमीची त्रिज्या. नवीन साहेबांनी प्रोग्राम लिहिला, सिम्युलेशन चकाचक, जॉब निघाला. मायक्रोमीटर लावला तर सगळे व्यास बरोबर. टेपर (निमुळता भाग) मात्र गेजमध्ये बसेना. टूलच्या त्रिज्येची भरपाई करणारा जी४२ टाकलाच नव्हता. ही चूक सरळ व्यासावर आणि फेसवर दिसत नाही, टेपर आणि गोलाईवरच उघडी पडते. आमचा आयटीआयवाला सेटर जॉब हातात घेऊन सांगतो, काय राहिलंय ते. (त्याचा पगार साहेबांपेक्षा कमी का, यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.)

यंत्र_मास्तर
सेटर 'जी४२ टाका' सांगेल. पण टेपरच का चुकला, व्यास का नाही, हे वहीत काढून दाखवायला भूमिती लागते. म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

भोसरी_व्हीएमसी
वहीत काढून गिऱ्हाईक पैसे देत नाही, सर.

शिरोलीची_पॅटर्नवाली
सगळे मशीन मशीन करताय. आमच्याकडे मशीनच्या आधी भट्टी आहे. फ्रेशर पॅटर्नचं (ओतकामाचा साचा ज्यावरून उठवतात त्या नमुन्याचं) मॉडेल अगदी ड्रॉइंगच्या मापानं करून आणतो. अरे बाबा, ग्रे आयर्न (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आटतं. ५०० च्या जॉबला पॅटर्न ५०५ चा लागतो, वर मशीनिंगचा अलाउन्स (नंतर कापून काढायचा जादा माल) वेगळा. बाजूंना ड्राफ्ट (थोडा उतार) दिला नाही तर पॅटर्न काढताना साचा ढासळतो. हे ना बेझिएरनं येतं ना व्हीएमसी मिलिंग मशीनपाशी उभं राहून. चाकणवासी, तुमचा उपायही अर्धाच आहे.

टीई_मेक_बॅकबेंचर
आमच्या लॅबमध्ये ट्रेनर लेथ एक, बॅच वीस जणांची. एक जण बटण दाबतो, बाकीचे काचेतून मेण कापलेलं बघतात. जर्नलला सिम्युलेशनचा स्क्रीनशॉट लागतो, तो सीनियरकडून मिळतो. टॉलरन्स आधीच्या वर्षी होता, पेपर दिला, विसरलो. बेझिएर कुणी काढू नका प्लीज, तेवढेच हक्काचे मार्क आहेत.

भोसरी_व्हीएमसी
मग संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेत कोर्स कर की.

टीई_मेक_बॅकबेंचर
काका, चार वर्षांची फी भरून पुन्हा तिथली फी? घरी तुम्ही बोला.

चाकणवासी
बरं, बेझिएर राहू द्या. पण मास्तर, तुम्ही वर टाकलेलंच गणित पेपरात घाला. ड्रॉइंग द्या, कंस द्या, टॉलरन्स द्या, तुकडा केवढा ते विचारा. खाली एक ओळ: ०.१ ठेवलं तर डायचं काय होईल?

यंत्र_मास्तर
वरचा भाग घालता येईल. त्या शेवटच्या ओळीला आदर्श उत्तर काय लिहून देऊ? गावोगावचे परीक्षक तपासतात, उत्तर ठरलेलं नसलं की रिचेकिंगचे अर्ज सुरू.

शिरोलीची_पॅटर्नवाली
'पॉलिशवाला शिव्या घालतो', दोन मार्क.

टीई_मेक_बॅकबेंचर
सर, शिव्या लिहून दाखवल्या तर स्टेपचे वेगळे मिळतील का?