रशियन लोकांबरोबर धंद्याचं काम केलंय का? अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात मॉस्कोला चाललेय. चाकणची आमची छोटी कंपनी, व्हॉल्व्ह बनवतो, तिकडच्या डिस्ट्रिब्युटरशी पहिलीच भेट. नेटवर शोधलं तर सगळीकडे वोडका आणि फरची टोपी, त्याचं मी काय करू? ज्यांनी खरंच व्यवहार केलेत त्यांनी लिहा, फजितीसकट.

गोळीवाला: मुंबईच्या एका औषध कंपनीतर्फे बारा वर्षं ये-जा केली. पहिल्या मीटिंगला समोर आठ जण, मी आपला सवयीने हसतमुख आणि पलीकडे आठही चेहरे इस्त्री मारल्यासारखे. चाळीस मिनिटं हूं नाही की चूं नाही. म्हटलं गेलं काम. शेवटी एका बाईंनी विचारलं, सतराव्या स्लाइडवरचा स्टॅबिलिटी डेटा कुठल्या बॅचचा? एक ओळ सुटली नव्हती हो. नंतर कळलं तिकडे म्हणच आहे, कारण नसताना हसणं हे मूर्खाचं लक्षण.
आणि हाक मारताना नाव अधिक वडिलांचं नाव, आपल्या मधल्या नावासारखंच, बाप इव्हान तर बाई इव्हानोव्हना. त्यांच्यात सरळ अहो आणि अरे आहे. आमचा अमेरिकन पार्टनर पहिल्याच मिनिटाला एका साठीच्या डायरेक्टरना नुसत्या नावाने, तेही शॉर्ट करून, बोलवायला लागला. ते काही बोलले नाहीत, पेन मात्र खाली ठेवलं.

हळद_सांगली: आमची फजिती स्वल्पविरामाची. पॅकिंग लिस्टवर ३,५०० किलो लिहिलं होतं. त्यांच्यात स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह, हजाराला ते मोकळी जागा सोडतात. ब्रोकरच्या माणसाने टाइप केलं साडेतीन किलो, आणि समोर सत्तर गोण्या! हसाल तुम्ही, नऊ दिवस गोदामभाडं भरलंय. तेव्हापासून आकडा अक्षरातही लिहितो.

पेठेतली: मी एका युरोपियन कंपनीच्या मॉस्को ऑफिसला होते. भांडण कायम कागदावरून. काम झालं, पैसे द्यायचे, तर आधी दोन्हीकडच्या सह्यांचा 'आक्त' हवा, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा कागद, नुसत्या इनव्हॉइसवर काही हलत नाही. आणि शिक्का! २०१५ पासून तिथल्या कंपन्यांना शिक्का ऐच्छिक आहे, पण चीफ अकाउंटंट बाईंना हे कोण सांगणार, ऑफिसात डायरेक्टरच्या खालोखाल त्यांचाच शब्द. आमच्या हेड ऑफिसकडे शिक्का नावाची वस्तूच नव्हती, त्यांना हा चक्क अपमान वाटायचा, आमच्या सहीवर विश्वास नाही का म्हणून. शेवटी मी सुट्टीत पुण्याला आले तेव्हा हेड ऑफिसच्या परवानगीने अप्पा बळवंत चौकाजवळून करून नेला. गोल हां, आपला तो चौकोनी 'फॉर अमुक प्रायव्हेट लिमिटेड' नाही चालत. निळ्या शाईत.

मोरजी_गेस्टहाउस: आमच्या गोव्यात तेच येतात, सीझनला रशियन पाट्या पण लागतात. माझा घोळ व्हायचा तो 'बघते' म्हणण्यावरून. स्कूटर मिळेल का? बघते. आपल्याला कळतं ना, बघते म्हणजे बहुतेक नाही. ते सकाळी आठला हेल्मेट मागायला हजर. नाही म्हणा, अजिबात राग येत नाही, त्यांचं स्वतःचं पहिलं उत्तर बऱ्याचदा 'न्येत'च असतं आणि मग तासाभराने हो होतं. मान डोलवू नका, त्यांना ते नाहीच वाटतं. आणि निघताना बॅगा भरून झाल्या की सगळे मिनिटभर गप्प बसतात, ती पद्धत आहे, तेव्हा बिल पुढे करू नये (मी केलंय).

हळद_सांगली: अजून एक, उंबऱ्यावरून हात मिळवू नका, आत जाऊन मिळवा. आपल्या आज्जीला एकदम पटलं असतं. आणि १ ते ८ जानेवारी मेल करू नका, कोणी नसतं. मेचा पहिला आठवडाही धरूच नका.

पेठेतली: फुलं नेलीत तर विषम संख्येत. सम फुलं मयताला.

धागाकर्ती: शिक्का करायला टाकला, गोल! एकच राहिलं, मी पीत नाही, जेवणाला टोस्ट सुरू झाले की काय करायचं?

गोळीवाला: अँटिबायोटिक चालू आहे म्हणा, लगेच सोडतात. फक्त कुठलं, किती दिवसांचं आणि कशासाठी हे पाठ करून जा, त्या सतराव्या स्लाइडवाल्या बाई असतील तर विचारणार.